वायरलेस नंदी

"जरा बाजूला व्हा, बैल मान वळवतोय."

चुडामण माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. सत्तावन्न साली, जळगावात, त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. मी वसतिगृहाचा रेडिओ घेऊन गेले होते, आणि दारात खरंच एक लाकडी बैल उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बैलामागून चुडामणने पाहिलं. बैलाची नजर जास्त सभ्य होती.

"तार कुठंय याची?"

"वायरलेस आहे." त्याने हातातली पेटी दाखवली. "उजवी खुंटी होकाराची, डावी नकाराची. मानेत लष्करी भंगारातल्या दोन सर्वो मोटरी आहेत. हात जेवढा वळेल तेवढीच मान वळते."

"फारच आज्ञाधारक!"

"मालकावर गेलाय... फक्त आज्ञा करणारी मिळाली पाहिजे."

रेडिओचं काम तासाभराचं होतं. तो तीन महिने दुरुस्त होत राहिला. दर शनिवारी मी चौकशीला जात राहिले.

अडचण होती नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. धुळ्याजवळच्या आमच्या गावात ते प्रत्येक गोष्ट दारी येणाऱ्या नंदीबैलाला विचारत. माझी तीन स्थळं नंदीनेच मोडली. तिसऱ्या वेळी तर तो नुसत्या माशा हाकलत होता.

"मग नंदीच घेऊन येतो," चुडामण म्हणाला. आणि दिवाळीच्या सुट्टीत आला – एसटीच्या टपावर बैल बांधून.

नानांनी झूल उचलून पोटाखालून काठी फिरवली. दोरी नाही, तार नाही. समाधानाने हात जोडले. बैल लाकडाचा होता, पण तो त्यांच्या मते बैलाचा खाजगी प्रश्न होता.

पेटी माझ्या पदराखाली होती. चुडामणनेच दिली होती – "उत्तर तुमचं असू द्या."

"हाऊ पोऱ्या लबाड शे का?" नानांनी बैलाला विचारलं.

मी उजवी खुंटी फिरवली. नंदीने खोटं कशाला बोलायचं?

"खरं बोलस!" नाना खूश. "मन्ही पोर याले देऊ का?"

...आणि नेमका माझा डावा हात थरथरू लागला. हात जेवढा, तेवढीच मान. नाही... नाही... नाही...

चुडामणचा चेहरा उतरला. नाना उसासा टाकून उठले.

मी पेटी काढून त्यांच्यापुढे ठेवली. बैल थांबला.

"नाना, त्याला नका विचारू. मला विचारा."

नानांनी पेटीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा असला प्रश्न माणसाला विचारला –

"कोकिळा... देऊ?"

"हो."

नानांनी चुडामणला हाताला धरून ओसरीवर बसवलं.

"बस, बाबा. बैलले काय समजस!"