कोरड्या न्हाणीतली बुरशी

लातूर जिल्हा नवा झाला, तशा कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, कारकुनांना नवी क्वार्टरं मिळाली आणि क्वार्टरांच्या न्हाणीत चकचकीत नळ बसले. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळच असा पडला, की नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसायची.

म्हणून आपल्या क्वार्टरच्या न्हाणीत भिंतीवर बुरशी दिसली, तेव्हा इंदूला आधी हसूच आलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हिला बरं मिळालं! तिनं चुन्यात मोरचूद कालवून हात मारला. दुसऱ्या दिवशी बुरशी पुन्हा तिथंच. पाटावर बसून पाठ टेकावी तेवढ्या उंचीवर, हिरवट काळी, हाताला गार.

दगडोबा गवंड्यानं गिलावा खरवडून पाहिला. आतली वीट ठणठणीत कोरडी होती. त्यानं ती हुंगली.

"बाई, हितं विभूतीचा वास यायलाय."

"काहीतरीच!" इंदू म्हणाली.

नवा गिलावा करून तो चहासुद्धा न घेता गेला. गिलावा वाळला आणि बुरशी परत उमटली.

मग मात्र इंदूचं हसू मावळलं. तिथं पाट कुणाचा असायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची सासू पार्वतम्मा चैत्रात गेली. ऊन बाधलं, असं लोक म्हणाले. नवरा बसवंतही 'अव्वाला ऊनच बाधलं' हेच धरून बसला. तो दुष्काळी कामांवर ड्युटीला, घरी यायचा फक्त रविवारी. खरं काय ते इंदूच जाणे.

टँकरचं पाणी जिने चढवून वर आणताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, रोज आंघोळ जमायची न्हाई आता. रविवारची करा."

"हाव," म्हातारी म्हणाली.

पण आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तिनं जन्मात घास घेतला नव्हता. रविवारी न्हायची, जेवायची. म्हणून लेकाला काही कळलं नाही. एरवी म्हणायची, "भूक न्हाई गं." भाकरी खाली दारात येणाऱ्या गाईला जायची. इंदूला कळत होतं, पण वळत नव्हतं. एक तांब्या पाणी! तेवढ्यात भागलं असतं. आठवलं की तिला स्वतःचीच किळस यायची. आणि रविवारी बसवंतनं ही जागा पाहून विचारलं तर? तो आपलं तोंडसुद्धा पाहणार नाही.

शनिवारी तिनं स्वतःच्या वाट्याची घागर न्हाणीत ठेवली. तांब्या ठेवला, पाट मांडला.

"आत्याबाई, न्हाऊन घ्या," म्हणाली आणि दार ओढून बाहेर थांबली.

आत पाणी पडू लागलं. सावकाश, तांब्या तांब्यानं.

मग थांबलं.

तिनं दार उघडलं. घागर रिकामी. फरशी कोरडी. भिंत पांढरीशुभ्र.

इंदू तिथंच बसून पोटभर रडली. सुटले, असं तिला वाटलं.

रविवारी बसवंत आला. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवायला बसला आणि दचकून पुढं सरकला. सदरा पाठीवर ओला झाला होता.

"हितं ओल कशी गं? अव्वा जेवायला बसायची, त्याच जागी?"

इंदूनं दुसरं ताट घेतलं. भाकरी वाढून भिंतीकडेला ठेवलं.

"कुणाला हे?"

"आत्याबाईंना. उपाशी हायेत त्या." तिनं ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. "मीच ठेवलं त्यांना उपाशी."

बसवंत हातातला घास ठेवून तिच्याकडे वळला. ताटाकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

तिथं भाकरी मोडल्याचा आवाज झाला.