प्रवाशाचं नाव

रत्नागिरीच्या अंतराळतळावर प्रवासविम्याचा कक्ष अगदी कोपऱ्यात होता, आणि नीरजा देवस्थळीला तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नव्हता. ती वनस्पतिशास्त्रज्ञ. बारा प्रकाशवर्षांवरच्या ताऊ सेटी ताऱ्याच्या एका ग्रहावर शेवाळासारखं काहीतरी हिरवं आढळलं होतं आणि अकरा दिवसांनी ती ते बघायला निघणार होती. अशा माणसाला विम्याचा फॉर्म म्हणजे डोक्याला ताप.

सोबत वडील होते. भास्करराव देवस्थळी, वय बासष्ट, राजापूरच्या एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं लोकांच्या गाड्या लावून दिल्या, स्वतः मात्र कधी कोल्हापूरच्या पुढे गेले नाहीत. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत.

नीरजाने सामान, आजारपण, अपघात अशा सगळ्या चौकटींत भराभर खुणा केल्या. विमागणितज्ञ डॉ. झुलेखा मुकादम यांनी फॉर्म हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर पेन टेकवलं.

"प्रवाशाचं नाव चुकलंय."

"नीरजा भास्कर देवस्थळी. बरोबर आहे की!"

"तुमचं यान प्रकाशाच्या साडेनव्याण्णव टक्के वेगाने जाणार. वेग घ्यायला लागणारा काळ सोडून देऊ. तुम्ही परत येईपर्यंत इथे किती वर्षं जातील?"

"चोवीस."

"आणि यानातल्या घड्याळात?"

"जेमतेम अडीच. त्या वेगाला काळ दहापट संथ होतो. हे मला ठाऊक आहे, मॅडम."

"ठाऊक आहे, पण फॉर्म भरताना विसरलात. सगळेच विसरतात. आजार, म्हातारपण यांना अंतराशी देणंघेणं नसतं. ते ज्याच्या-त्याच्या घड्याळातला काळ मोजतात. आम्ही त्याला स्वकाल म्हणतो. तुमचा स्वकाल अडीच वर्षं, यांचा चोवीस. आता सांगा, लांबच्या प्रवासाला कोण निघालंय?"

नीरजाने अप्पांकडे पाहिलं. बासष्ट आणि चोवीस, शहाऐंशी. बेरीज तिसरीतली होती, आणि प्रकाशाच्या वेगाची समीकरणं सोडवणाऱ्या या बाईने ती आजवर केली नव्हती.

"मी कुठं चाललोय?" अप्पा म्हणाले. "मी घरीच आहे."

"तेच तर म्हणतेय, काका." मुकादमबाई हसल्या. मग नीरजाकडे वळल्या. "तुम्हाला हवाय तो भेट-विमा. त्याची भरपाई पैशांत नाही, काळातच मिळते. एक छोटं जोडयान इथे कायम तयार असेल. हे तुमच्या येण्यापर्यंत टिकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, की यांना त्यात बसवायचं. यान तुमच्याच वेगाने दूर जाईल, निम्म्या काळाला मागे वळेल आणि तुमच्याबरोबर त्याच दिवशी उतरेल. तुमच्या येण्याला दहा वर्षं उरली असतील, तर यांना एकच काढावं लागेल."

"म्हणजे जादा गाडी," अप्पा म्हणाले. "विनाथांबा."

नीरजा थक्क झाली. मरणाला गाठता येऊ नये म्हणून माणसाला घेऊन चक्क प्रकाशाच्या मागे पळायचं! तिने स्वतःचं नाव खोडून अप्पांचं लिहिलं.

"एकच अट," मुकादमबाई म्हणाल्या. "बसायचं की नाही, हे काकाच ठरवणार."

अप्पांनी सही केली.

नीरजाने ते हिरवं पाहिलं. दुसऱ्या सूर्याच्या उजेडात, त्यावर पाय न टाकता, गुडघ्यांवर बसून ती तासभर नुसती बघत राहिली. पण परतीच्या वाटेवर तिच्या मनात एकच गोष्ट होती. वाटेत घरचा संदेश मिळणं शक्य नव्हतं. तळावर उतरताच ती अप्पांच्या जोडयानाची नोंद बघायला धावत फलकाकडे गेली.

जोडयान ७ : रवाना झालेलं नाही.

इतक्या वर्षांत अप्पा एकदाही आजारी पडले नसतील, हे तिला खरं वाटेना. मग एकच शक्यता उरत होती. डॉक्टरांना बोलवायलाही सवड मिळाली नसेल.

"ताऊ सेटीहून आलेल्या प्रवाशांनी आपापलं सामान बघून घ्यावं!"

आवाज चिरका झाला होता, पण तो स्टँडवरचाच होता. बाकावर सुरकुतलेल्या कातडीचा, पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा बसला होता. शेजारी डायऱ्यांनी फुगलेली पिशवी.

"अप्पा! आजारी नाही पडलात?"

"दोनदा. दुसऱ्या खेपेला डॉक्टर चिठ्ठीच घेऊन आला, आता गाडीत बसा म्हणून."

"मग बसला का नाहीत? आपली भेट झाली नसती तर?"

"ती भीती रोज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण विनाथांबा गाडीतून मधली गावं दिसत नाहीत गं. तू नव्हतीस, मीपण नसतो, तर ही वर्षं तुला सांगितली कुणी असती? दारचा फणस धरला. समुद्र दोन हात वर आला. तुझ्या मैत्रिणीची, शकूची लेक आता मुकादमबाईंच्या खुर्चीत बसते. सगळं लिहून ठेवलंय."

नीरजा दुसऱ्या सूर्यापर्यंत जाऊन आली होती, पण वाटेतली बावीस वर्षं तिने टाळली होती. हा माणूस एकही क्षण न गाळता इथवर आला होता. ती वाकून पाया पडली, त्यांच्या शेजारी बसली आणि तीस वर्षं त्यांनी स्टँडवर उतरणाऱ्यांना जे विचारलं, तेच तिने विचारलं.

"अप्पा, प्रवास कसा झाला?"

"लांबचा होता," अप्पा म्हणाले. "पण सगळे थांबे घेत आलो."