हिरवा दिवा आणि एकोणचाळीस मेसेज

सादने शत्रूवर बॉम्ब टाकायला माऊसचं अंगठ्याजवळचं बटण दाबलं आणि बॉम्बऐवजी पत्ता पडला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात आपोआप अक्षरं उमटली: तालुका नेर, जिल्हा यवतमाळ, पीक कापूस, आणि शेवटी एक मोबाईल नंबर. कुठल्याशा गावात बसलेल्या शत्रूने ते वाचलं असेल, डोकं खाजवलं असेल. मग त्याने सादला गोळी घातली.

"गेला," कहकशां म्हणाली. "पत्ता देऊन गेला."

ती तेरा वर्षांची, साद तिच्याहून दीड वर्षाने लहान. दोघं भावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळहून नेरला आली होती. त्यांच्या आसिम मामूचं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. संध्याकाळी भाच्यांना तिथे गेम खेळायला मिळे, कारण तेव्हा मामू मोबाईलवर क्रिकेट बघत असे. खरं सांगायचं तर तो सकाळीही क्रिकेटच बघत असे.

मामूचा नवा गेमिंग माऊस मोठा नखरेल होता. त्यात दोन प्रोफाइल बसवली होती. पोटाखालचं बारीक बटण दाबलं की लाल दिवा लागे आणि अंगठ्याच्या बटणाने बॉम्ब पडे. पुन्हा दाबलं की हिरवा दिवा. मग तेच बटण फॉर्मचे चार रकाने एका झटक्यात भरून टाकी. त्याला एकदा टाइप करून शिकवायचं, की ते जन्मभर पोपटासारखं तेच बोलणार. आज दिवा हिरवाच राहून गेला होता.

"मले पाहू दे तो नंबर," बाकावरून आवाज आला.

बाकाच्या पार टोकाला वैष्णवी बसली होती. ती जवळच्या खेड्यातली, कहकशांच्याच वयाची. कापूस खरेदी केंद्रावर पाळी कधी येणार त्याचा मेसेज फॉर्ममधल्या मोबाईल नंबरवर येतो. तो आला का, हे विचारायला ती आठ दिवस रोज चालत येत होती. मामू मान वर न करता "येईन मेसेज" म्हणे. तिच्या घरात दोन्ही खोल्यांत कापूस छतापर्यंत भरला होता. उन्हाळ्यात त्या कापसातले किडे अंगाला लागतात, आणि घरातली सगळी माणसं खाजवून खाजवून सोलून निघतात. वैष्णवीच्या हातांवर खपल्या होत्या. सादने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'खाजरी' ठेवलं होतं. बाकावरची मोठी माणसं त्यावर पोट धरून हसली होती आणि सरकून बसली होती.

"तू दूरच बस," साद म्हणाला. "कीबोर्डले खाज सुटन."

प्लास्टिकच्या पिशवीतून फॉर्मची पावती काढून वैष्णवीने ती कहकशांपुढे धरली. आठ दिवस ती हीच पावती दाखवत होती आणि आठ दिवस कोणी ती वाचली नव्हती. कहकशांने वाचली. पावतीवरचा मोबाईल नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर एकच होता.

"हा तुमचा नंबर आहे?"

"नाई ना. आमचा हा नाईच."

कहकशांने दुकानातल्या फोनवरून तो नंबर लावला. घंटी बाकावरच वाजली, सदाशिवरावांच्या सदऱ्याच्या खिशात!

सदाशिवराव म्हणजे साठ एकरांचे धनी. रोज संध्याकाळी इथे येत आणि फुकटचा पेपर वाचत. लोक त्यांना मान देत, कारण मान न दिल्यास ते वर्षभर लक्षात ठेवत.

"आबा, तुमच्या फोनवर कापसाचे मेसेज येतात का?" कहकशांने विचारलं.

"एक आला होता, माहा. माहा कापूस गेला." त्यांनी पेपर वर धरला. "दुसरं काही नाई."

आपल्या कापसाची दुसरी खेप लवकर लागायची तर रांगेत पुढे असलेल्यांची पाळी चुकलेलीच बरी, हा हिशेब साठ एकरांच्या धन्याला कळत होता. कहकशांलाही कळला. तिने चेहरा अगदी भोळा केला.

"बरं झालं, आबा. मेसेजची पेटी भरली की फोन आपोआप बंद पडतो म्हणे. मग दुसऱ्या खेपेचा मेसेज यायचा नाही."

पेपर खाली आला. "किती झाले की भरते?"

"चाळीस."

"मंग मिटव ना पोरी लवकर! एकोणचाळीस झाले आहेत."

आपण काय बोलून गेलो हे सदाशिवरावांना कळेपर्यंत फोन कहकशांच्या हातात होता आणि ती मामूच्या मोबाईलने एकेका मेसेजचा फोटो काढत होती. तिसरा मेसेज वैष्णवीच्या वडिलांच्या नावाचा होता. त्यांची पाळी नऊ दिवसांपूर्वी येऊन गेली होती.

"नऊ दिस," वैष्णवी म्हणाली. "माहा भाऊ तीन वर्षांचा हाय. रक्त निघेलोक खाजवते, म्हणून आई त्याच्या हातात मोजे बांधून ठेवते. आबा, तुम्हाले माहीत होतं?"

आबांनी चष्मा पुसायला घेतला.

मामूने कपाळावर हात मारला. "पण बटणात यांचा नंबर भरला कोणी?"

"तुम्हीच भरला असंन, मामू," साद पटकन म्हणाला. मामूला ते पटलं. बेफिकीर माणसाला स्वतःविरुद्धचं काहीही पटतं.

दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर मामूची जी काही पूजा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तो हात जोडून उन्हात तासभर उभा होता आणि सदाशिवराव सोडून उरलेल्या अडतीस घरची माणसं पाळीपाळीने त्याचा उद्धार करत होती. केंद्रावरच्या साहेबांनी फोटो पाहिले आणि सगळ्यांना नव्या पाळ्या दिल्या. वैष्णवीची शुक्रवारी. शिवाय, ज्या पोराच्या हातून चूक उघडी पडली त्या सादचा त्याच दिवशी सत्कार करायचंही ठरलं. एकोणचाळीस मेसेज ज्या पोरीने बाहेर काढले तिचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही.

साद छाती फुगवून निघाला तेव्हा वैष्णवीने त्याला फाटकाशी गाठलं.

"हिरव्या प्रोफाइलचं नाव मी स्क्रीनवर वाचलं," ती म्हणाली. "'साद बॉस'. सुट्टीच्या पहिल्या दिवशी आबा फॉर्म भरायले आलते, मी बाबासंगं मागंच उभी होती. बटणाले कसं शिकवते, हे तूच मामूले दाखवलं, अन् आबाचाच फॉर्म घेतला. नंबरासकट."

सादचा चेहरा उतरला. "कोणाले सांगशील?"

"नाई सांगत. गुरुवारी दुपारी घरी ये. आमच्या कापसावर एक तास झोप."

तो गेला. न जाऊन करतो काय! दारं-खिडक्या बंद, पत्रे तापलेले, आणि तो कापसात गळ्यापर्यंत. दहाव्या मिनिटाला मान चावू लागली, विसाव्याला पाठ. अर्ध्या तासाला तो रडकुंडीला आला. समोर वैष्णवीचा भाऊ मोजे घातलेल्या हातांनी पोट चोळत त्याच्याकडे टक लावून बघत होता. तो मात्र रडत नव्हता. त्याला सवय होती.

शुक्रवारी वैष्णवीचं घर रिकामं झालं. केंद्राच्या आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. गावातलं ज्येष्ठ माणूस म्हणून सादला शाल पांघरवायचा मान कोणाला मिळावा? सदाशिवरावांना. मे महिन्याच्या उन्हात लोकरीची शाल सादच्या चावलेल्या मानेवर पडली आणि त्याचे डोळे भरून आले.

"भावनावश झालं पोट्टं," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

मागे मामू एकटाच उभा होता. त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नव्हतं. साद त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने माईक धरला.

"बटण मामूने नाही, मी भरलं होतं," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

मग साहेबांनीच टाळ्या सुरू केल्या.

"पाहा, मामाची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यला! काय संस्कार हायेत!" सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी सादची पाठ जोरजोरात थोपटली. नेमकी चावलेली जागा.

"खरंच मी..." साद म्हणत होता, टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. मामूला शिव्या देणारे आणखी चार शिव्या देऊन उसाचा रस प्यायला गेले.

साद खुर्चीवर येऊन बसला आणि दोन्ही हातांनी मान ओरबाडू लागला. कहकशां उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

वैष्णवी मात्र शेजारी आली. पिशवीतून तिने दोन चिमुकले मोजे काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"हे घाल हातात," ती म्हणाली. "भावाले आता नाई लागत."