पट्टी लाजली तेव्हा

धर्मराजच्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की काठावर मुंग्यांची रांग लागायची. बघायला आलेल्या पाहुण्याने त्या पाण्याचा पेला रिकामा केला की मुलगी पसंत, असा त्या घरचा रिवाज. पेला नुसता बाजूला ठेवला, तर पाहुणा चहाविना पनवेलच्या रस्त्याला!

म्हणून पाणी तपासायला आलेल्या प्रणितने पेला बाजूला ठेवला, तेव्हा धर्मराजची लेक रोशनी फणकारली.

“घाबरू नका, तुमाला बघाया नाय बोलावलं. प्या!”

“आधी हिला पिऊ दे,” म्हणत त्याने पेल्यात कागदाची बारीक पट्टी बुडवली. दोघं वाकून बघत राहिले, डोक्याला डोकं लागेल इतके… पट्टी गुलाबी होत गेली.

“लाजली!” रोशनी हसली.

प्रणित हसला नाही. “नायट्रेट आहे. उकिरडा, संडासाचा खड्डा… सगळं झिरपून इथेच येतंय. तान्ह्या बाळाला हे विषच. घरात आहे कुणी?”

होतं. कोमलवहिनीचा तीन महिन्यांचा मुलगा. त्याचं डब्याचं दूध याच पाण्यात कालवायचे. दोन दिवस ओठ निळसर दिसत होते. थंडी लागली, म्हणत होते सगळे.

“पन मी पानी उकळते! चांगलं वीस-वीस मिनिटं!”

“उकळून नायट्रेट जात नाही,” तो हळूच म्हणाला. “पाणी आटतं… ते उरतं.”

रोशनीने पेला काठावर पालथा केला. जितकी माया केली, तितकं ते विष आटवून दाट केलं होतं तिने.

प्रणितच्याच गाडीतून वहिनी-बाळाला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी बाळ घरी येऊन असं रडलं, की शेजारची कोंबडी कौलावर चढली. त्याच संध्याकाळी रोशनीने विहिरीवर लाल रंगाची फुली मारली.

“माज्या बापाची विहीर हाय ती!” धर्मराज कळवळला.

“पोर बी त्याचाच पणतू हाय, बाबा.”

मग पाणी तपासायच्या निमित्ताने प्रणित दर आठवड्याला येऊ लागला.

“आठ दिवसांत पानी बदलतं व्हय?” रोशनीने विचारलं.

“पाणी नाही…” म्हणत तो पट्ट्यांची डबी उघडत बसला.

शेवटी एका रविवारी पनवेलच्या खांदा कॉलनीतून तो आई-वडिलांना घेऊनच आला. रोशनीने ताटात नव्या नळाच्या पाण्याचा पेला आणला, शेजारी त्यात बुडवलेली ओली पट्टी. धर्मराजने पेल्यावरच नजर रोखली.

प्रणितने पट्टी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. “ही लाजली नाही.”

“मंग प्या की…” रोशनीचे कान तापले होते.

त्याने पेला एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. “अजून एक?”

दुसऱ्या पेल्याचं रिवाजात काहीच नव्हतं. धर्मराजने मात्र वेळ न घालवता आत हाक दिली, “चाय टाका गं!”