दुहेरीतला तिसरा

उंब्रजचा शिवतेज आणि कुंडलचा धैर्यशील यांची टेनिसच्या दुहेरीतली जोडी नऊ वर्षांची. जाळीपाशी धैर्यशील, मागच्या रेषेवर शिवतेज. डोक्यावरून चाललेला चेंडू आत पडणार की बाहेर, हे पुढच्याला कळत नाही. ते मागच्यानं ओरडून सांगायचं. शिवतेज ‘सोड’ म्हणाला की धैर्यशील डोळे झाकून सोडायचा.

सांगलीच्या व्यावसायिक स्पर्धेत जोडीचं नाव नोंदवायचं काम शिवतेजनं तसंच डोळे झाकून त्याच्यावर टाकलं. सकाळी फलकावर यादी लागली. धैर्यशीलच्या नावाशेजारी पुण्याच्या कुणालचं नाव होतं.

“तुजं रँकिंग कमी पडत हुतं गड्या,” बुटाची नाडी आवळत धैर्यशील म्हणाला. “सांगणार हुतो तुला.”

“कवा?”

धैर्यशीलनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

नऊ वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसानं केसानं गळा कापला होता. शिवतेज तरीही घरी गेला नाही. त्याला त्या दोघांना हरताना बघायचं होतं.

निळं कोर्ट उन्हानं तापलं होतं, तापल्या रंगाचा वास बाकांपर्यंत येत होता. तिसऱ्या गेममध्ये एक चेंडू उंच उडून धैर्यशीलच्या डोक्यावर आला.

“सोड.”

धैर्यशीलनं रॅकेट खाली घेतली. चेंडू रेषेबाहेर बोटभर पडला.

शेजारी बसलेले कोर्टाची देखभाल करणारे नानासो कुजबुजले, “बाहेरनं बोलू नगंस रं. पंच हाकलतील.”

“मी कुटं बोललो?” शिवतेजचे शब्द जेमतेम फुटले. ‘सोड’ म्हणणारा आवाज मात्र त्याचाच होता, आणि तो कोर्टातून आला होता.

मागच्या रेषेवर कुणाल तोंड मिटून उभा होता. वळून वळून मागं बघत होता.

“घे.” “मागं हो.” “सोड.”

एकही हाक चुकली नाही. धैर्यशील एकदाही दचकला नाही.

शेवटच्या गुणाला चेंडू पुन्हा उंच गेला. आत पडणार, हे शिवतेजला स्वच्छ दिसलं. त्यानं जीव खाऊन ओरडायचं ठरवलं, सोड.

तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

“घे,” कोर्टातून हाक आली.

धैर्यशीलनं घेतला. सामना संपला.

शिवतेज फाटकाबाहेर आला. त्यानं आईला फोन लावला. निदान तिनं तरी हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

“हॅलो,” साळूबाई म्हणाली. “कोन हाय?”

त्यानं ओठ हलवले.

“शिवतेज तर आत्ताच बोलला की, धैर्यशीलच्या फोनवरनं. जिंकलो म्हनला.” तिचा आवाज चढला. “आवं, तुमी कोन? माज्या ल्येकाचा फोन तुमच्याकडं कसा?”