तेराव्या दिवसाचा ताप

"कपाळ पुढे करा," मी म्हटलं, तर त्याने डोळेच मिटले.

"अहो, ताप मोजतेय, गोळी नाही झाडत!"

"पिस्तूल तुमच्या हातात... भरवसो काय?"

मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं हसू मुंबईहून आलेल्या साऱ्या जीपला दिसलं असतं. २०२० चा मे महिना. विजयदुर्गजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटरवर बसायचे. आरोग्य खात्याच्या आशाताईंना एकट्याने झेपेना, म्हणून शाळेतल्या क्वारंटाइनची वही माझ्या गळ्यात पडली. हा धनेश घाडी, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्यासकट चौथीच्या वर्गात सहा माणसं, चौदा दिवस. हातावर शिक्का, दाराशी साबण आणि बादली. ताप मोजण्यापुरता माझा हात पुढे जायचा, बाकी सगळं सहा फुटांवरून.

"वीस सेकंद हात धुतलात?"

"तुमचा नाव धा वेळा घेतलंय... रसिका, रसिका. झाले वीस!"

तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी काही पाघळणाऱ्यातली नाही हं. पण रोज सकाळी मास्कला जुळणारी ओढणी शोधायला लागले, हे खरं.

तसा उपयोग काहीच नव्हता. रविवारी कणकवलीहून मला बघायला मंडळी येणार होती. मुलगा बँकेत, आईचा होकार आधीच ठरलेला. हे मी धनेशला कशाला सांगितलं, देव जाणे! त्या दिवशी त्याने हात धुताना नुसते आकडे मोजले.

तेराव्या दिवशी यंत्राने त्याच्या कपाळावर एकशे एक दाखवलं.

एकाला ताप आला की रिपोर्ट येईपर्यंत अख्खा वर्ग अडकणार. त्याच वर्गातले भिकाजीकाका तर मटकन खालीच बसले, घरी त्यांची म्हैस व्यायला टेकलेली. मी रुग्णवाहिकेसाठी फोन काढला. ह्याला काही झालं तर मी काय करू... डोक्यात एवढंच.

"थांब गो!" धनेश पुढे आला आणि आठवण होऊन पुन्हा मागे सरला. "ताप नाय. अर्धो तास उन्हात बसान... कपाळ तापवन इलंय."

"कित्याक रे?"

"उद्या हयसून सुटलंय काय तू दिसूची नाय. आणि रविवारी तू..."

"मेल्या! सहा माणसांचा जीव टांगणीला लावलास!" मी अशी कडाडले की बादलीवरचा कावळा उडाला. त्याला अर्धा तास सावलीत बसवलं. पुन्हा मोजलं, अठ्ठ्याण्णव. तेच वहीत लिहिलं. रागाने की कशाने, अक्षर वाकडं आलं.

"नुसती माफी चालूची नाय," भिकाजीकाका म्हणाले. "देवाक गाऱ्हाणा घाल. सगळ्यांच्या देखत."

आमच्याकडची रीतच ती. चूक देवापुढे मोठ्याने सांगायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला हुंकार भरायचा. धनेशने देवळाच्या दिशेने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... ह्या लेकरान आज खोटो ताप आणल्यान..."

"व्हय म्हाराजा!" सहा-सहा फुटांवर उभे राहून पाचही जण ओरडले.

"ती चुकी पदरात घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"रविवारी कणकवलीसून येणारी मंडळी तळेऱ्याच्या नाक्यावरसूनच माघारी जावंदेत रे म्हाराजा..."

भिकाजीकाकांना ठसका लागला. मग त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा, "व्हय म्हाराजा!"

"आणि ही समोर उभी आसा ती रसिका... तिच्या मनात आसात तर... तिका माझी घरकारीण कर रे म्हाराजा..."

या वेळी कोणीच हुंकार दिला नाही. पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. धनेशने तर मान खाली घातली होती, हात तसेच जोडलेले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मग तिथूनच आईला फोन लावला आणि रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं.