गळतीचे पाणी

वैशाखातली ती पहाट सोनकड्याच्या माथ्यावर उजाडली, तेव्हा तटाचे दगड आदल्या दिवशीच्या उन्हाने अजून कोमटच होते. खाली खिंडीत बादशाही फौजेच्या राहुट्या पसरल्या होत्या, आणि त्यांच्या चुलींचा धूर वाऱ्याअभावी जागच्या जागी उभा होता. गडावरच्या महादेवाच्या गाभाऱ्यात मात्र पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या गळतीतून थेंब थेंब पाणी ठिबकत होते. वैशाखभर ही गळती आटू द्यायची नाही, हा किल्लेदारीणबाई कमळजाबाईंचा नेम होता. वेढ्यात टाक्याला कुलूप पडले, तेव्हापासून त्या आपल्या वाट्याच्या पाण्यातले निम्मे देवाला घालीत.

पण त्या पहाटे हात जोडताना त्यांचे लक्ष देवाकडे नव्हते. नैर्ऋत्य बुरुजावरचा आणखी एक पहारेकरी काल भर दुपारी कोसळला होता. डोक्यावरचा लोखंडी टोप काढला, तेव्हा कपाळाची कातडी त्याला चिकटून आली. असेच चालले तर बुरूज ओस पडणार, आणि बुरूज पडला तर गड पडणार. आणि गड पडल्यावर किल्लेदाराचे काय करतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

गळतीतला एक थेंब पिंडीवर पडून पसरला, आणि त्यांच्या मनात आले, देवाच्या माथ्याला जे लागते तेच माणसाच्या माथ्याला लागत असेल ना?

त्यांनी धोंडी बुरुडाला बोलावून घेतले.

"धोंडीबा, इरल्यासारखी रुंद काठाची टोपी विणायची. पण डोक्याला टेकता कामा नये. आम्ही घागरीखाली चुंबळ घेतो ना, तशी चुंबळ आत बसवा. मधून वारा खेळला पाहिजे."

"आन् वर कापड घालू का, आईसाहेब?"

"कापड नको, वाळा. दोन विणींच्या मध्ये ओला वाळा दाबून भरायचा."

धोंडीने डोके खाजवले. "वाळा भिजवायला पाणी कुठलं आणायचं?"

बाईंची नजर देवळाकडे गेली. त्यांनाही त्याच प्रश्नाची भीती वाटत होती.

टोपी सदरेवर आली तेव्हा तटसरनौबत दौलतजी खराटे मोठ्याने हसले. तटाचा सारा बंदोबस्त त्यांच्या हाती, आणि किल्लेदार हैबतराव निकमांचा त्यांच्यावर भावासारखा भरवसा. "वहिनीसाहेब, शिपायांना भाजी विकायला बसवायचंय का? शत्रू हसून हसून मरेल, तोफा लागायच्या नाहीत!" मग गंभीर होऊन म्हणाले, "चिंता नसावी. ऐन दुपारी मी नैर्ऋत्येचा पहारा सावलीत उतरवीत जाईन. त्या वेळी पलीकडचेही निजलेलेच असतात."

"दौलतजी म्हणतात तेच बरं," हैबतराव म्हणाले. "टोपली घालायला मर्द तयार व्हायचा नाही."

बाई माजघरात परतल्या. मर्द तयार होत नसेल, तर आधी बाईने घालून दाखवावी. ती उन्हात उभी राहिली हे कळल्यावर कोण लाजेने नको म्हणेल? विचार सोपा होता. अडचण होती ती पाण्याची. त्या देवळात गेल्या. गळती उतरवून त्यांनी तिच्यातले पाणी वाळ्यावर ओतले. ठिबकणे थांबले. गाभाऱ्यातली ती शांतता ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला.

"रागावू नकोस, देवा," एवढेच त्या पुटपुटल्या.

दुपारी नैर्ऋत्य बुरुजावर चिटपाखरू नव्हते. अंगावर घोंगडे, डोक्यावर ती टोपी, अशा बाई चऱ्येच्या दगडी कठड्याशी, कोपऱ्यात उभ्या राहिल्या. दगडातून वाफा निघत होत्या. पण कपाळावर सावली होती, आणि वाळ्याचा गंध घेऊन गार झुळूक चुंबळीतून फिरत होती. टोपी जमली होती! तेवढ्यात पायऱ्यांवर जोडे वाजले.

"कोण रे तो? पहारा उठवलाय ना? जा, सावलीला जा."

आवाज दौलतजींचा होता, अगदी मायेचा. बाईंनी वळून पाहिले आणि त्यांच्या काळजाचे पाणी झाले. दौलतजी बोडके होते. घरात कोणी गेल्याखेरीज या गडावरचा पुरुष चारचौघांत डोके उघडे करीत नसे.

"दौलतजी... कोण गेलं?"

ते दचकले. मग आवाज ओळखून हळूच म्हणाले, "अजून कोणी नाही, वहिनीसाहेब."

आता बाईंना तोफेआडचे दिसले. त्यांचे लांबलचक पागोटे मघाशीच तोफेच्या गाड्याला बांधून ठेवलेले होते आणि त्याचे दुसरे टोक तटाबाहेर कड्यावरून खाली लोंबत होते. खालून कोणीतरी त्याला दोराची शिडी बांधीत होते.

"ओरडू नका," दौलतजींनी कट्यार उपसली. "तुमच्या कुंकवाला धक्का लागणार नाही, असा बादशाही कौल घेतलाय मी. गड तसाही तहानेने मरणार. निदान माणसं तरी वाचतील."

बाईंनी तोंड उघडले. आवाज फुटेना. जीभ टाळ्याला चिकटली होती. धावावे म्हटले तर पाय जागचे हलेनात. तेवढ्यात वाळ्यातून ओघळलेला एक थेंब कानशिलावरून उतरला आणि ओठांवर आला.

"हर हर महादेव!"

ती आरोळी आपलीच, हे बाईंना खरे वाटेना. दौलतजींनी कट्यार वरून मारली. ती बांबूच्या विणीत घुसली, ओल्या वाळ्यात रुतली आणि निघेना. ते ओढीत राहिले, आणि बाई दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर घट्ट धरून ओरडत राहिल्या. सावलीतले शिपाई तलवारी घेऊन वर धावले. पहिल्याने पागोट्यावर घाव घातला. शिडी दगडांवर आपटत खाली गेली आणि तिच्याबरोबर ती चढू लागलेल्यांच्या किंकाळ्याही.

दौलतजींना जेरबंद करून सदरेवर आणले तेव्हा हैबतरावांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "डोक्याला काहीतरी बांधा त्याच्या," एवढेच म्हणाले. "ऊन फार आहे." मग घसा खाकरून त्यांनी धोंडी बुरुडाला हुकूम दिला, की गडावर जेवढा बांबू असेल तेवढ्याच्या टोप्या झाल्या पाहिजेत, वाळा ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या पाण्याने भिजवावा, आणि पहिली टोपी आमची. त्या ज्येष्ठात शत्रू वेढा उठवून गेला, तोवर नैर्ऋत्य बुरूज एकही दुपार रिकामा राहिला नाही.

पण त्या दिवशी दुपार कलताना हैबतराव देवळात आले, तेव्हा बाई कोरड्या पिंडीपुढे बसल्या होत्या.

"भ्याला नाहीत आपण?"

"भ्याले होते हो. अजून भ्यालेलीच आहे."

त्यांनी चिरलेल्या टोपीतून वाळ्याचा बोळा ओढून काढला आणि पिंडीवर पिळला. "माझ्या डोक्याचं उष्टं आहे, देवा," त्या म्हणाल्या.

थोडेसेच पाणी निघाले. पिंडीने ते लगेच पिऊन टाकले.